वासू झोपली आहे

वासंती कारखानीसची झोप गेली ती २०२०च्या उन्हाळ्यात. अमुक एका रात्री गेली असं तिला सांगता आलं नसतं. लॉकडाऊन लागला, शाळा लॅपटॉपमध्ये शिरली, आणि जिच्या नुसत्या चष्म्यावरून बघण्याने दहावीचा वर्ग चिडीचूप व्हायचा ती भूगोलाची बाई चाळीस काळ्या चौकोनांकडे बघून बोलू लागली. आधी पाच तास झोप लागायची, मग तीन, मग दोन. तिचा नवरा विश्वास विमा कंपनीतून आदल्याच वर्षी निवृत्त झालेला. मुलगा मानस अठ्ठावीस वर्षांचा, गुरुग्रामच्या आयटी कंपनीत. आता कानाला हेडफोन लावून दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरातून, आपल्या खोलीतूनच काम करायचा. घरात माणसं तीन, पण त्यातल्या एकीला झोप नाही हे बाकीच्या दोघांच्या नीट लक्षात यायला सप्टेंबर उजाडला.

ऑक्टोबरात एकदा खचदरी कशी तयार होते ते तिने शिकवलं आणि वीस मिनिटांनी तेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एका मुलीने माइक चालू करून हळूच म्हटलं, "मॅम, ये तो आपने अभी पढ़ाया." वासंतीने लॅपटॉप मिटला आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली. त्यानंतर आठवड्याने दूध गॅसवर ठेवून ती पहाटे घराबाहेर पडली आणि चार मजले उतरून सोसायटीच्या बागेत गाऊनवरच बसून राहिली. पातेलं जळून घरभर धूर झाला तेव्हा विश्वासला जाग आली. वॉचमनने तिला वर आणून सोडलं.

"काय झालं काय तुला?" विश्वासने विचारलं.

"काही नाही. सगळं थांबावं असं वाटलं."

ते वाक्य ऐकून विश्वास हादरला. दुसऱ्याच दिवशी त्याने डॉ. स्वरूपा यांची व्हिडिओवरची वेळ घेतली. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, मराठी होत्या, आणि घाई न करता ऐकत होत्या. निद्रानाश, चिंता, आणि त्याखाली बरंच साचलेलं नैराश्य, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. "सध्या गोळ्यांचा डबा घरातल्या कुणाच्या तरी हातात राहू दे," असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा वासंतीने स्वतःच तो विश्वासच्या हातात दिला. त्या वेळी तिला त्यात आधार वाटला. शाळेतून तिने लांब रजा घेतली.

औषधांइतकाच आधार होता वैजयंतीचा. वैजयंती तिची दीड वर्षाने मोठी बहीण. पुण्यात सहकारनगरला राहायची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी केतकी तिच्याजवळच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं नोकरी केल्यामुळे तिला फोनवर बोलायचा कंटाळा होता. रविवारी एकदा तासभर बोलायची, बाकी दिवस मेसेज. रोज सकाळी सात वाजता तिचा एकच शब्द यायचा: "किती?" वासंती आकडा कळवायची. "तीन." त्यावर उत्तर यायचं, "काल दोन होते. वर चढतेयस. चहा घे आणि वेणी घाल, भूत दिसत असशील." आईवडिलांनंतर वासंतीला असं तोंडावर बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

एप्रिल २०२१मध्ये वैजयंतीला ताप आला. विश्वास केतकीशी फोनवर बोलून आला आणि म्हणाला, "पॉझिटिव्ह आहे. पण घरीच आहे, घाबरायचं कारण नाही. घसा पार बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय."

त्या रविवारी फोन आला नाही. पण सकाळचा मेसेज आला, त्यामुळे वासंतीने मनाची समजूत घातली. ते दिवसच तसे होते. मोठ्या रस्त्यावरून दिवसभर ॲम्ब्युलन्सचे भोंगे ऐकू यायचे. सोसायटीच्या ग्रुपवर दर पाच मिनिटांनी कुणीतरी सिलिंडर मागत असे, आणि मग त्याच नंबरावरून हात जोडलेलं चित्र यायचं. खालच्या मजल्यावरचे खुराना चार दिवसांत गेले. विश्वासने तिला ग्रुपमधून काढलं, पेपर बंद केला, टीव्हीची वायरच काढून ठेवली. "तुझ्या भल्यासाठी," तो म्हणाला. तिने मान डोलावली. तिची झोप पुन्हा दोन तासांवर आली होती.

मग मे महिन्यात उतार पडत गेला. डॉक्टरांनी औषध बदललं ते एक. दुसरं म्हणजे वैजयंतीचे मेसेज आता लांबलचक यायला लागले होते आणि त्यांचा सूर मऊ झाला होता. "मी बरी आहे. कमजोरी आहे फक्त. तू झोपलीस की मला बरं वाटतं." आजारपणाने माणूस हळवं होतं, वासंतीला वाटलं. बहिणीला सकाळी चांगला आकडा कळवता यावा म्हणून ती शहाण्यासारखी दहाला दिवा घालवू लागली. चार तास. पाच. तेवीस मेला ती सलग सहा तास झोपली. विश्वासने नागपूरला आपल्या थोरल्या भावाला फोन करून ही बातमी दिली, जणू घरात कुणी परीक्षा पास झालं होतं. मानसने केक मागवला. वासंतीने हसत तो कापला आणि फोटो वैजयंतीला पाठवला. उत्तर आलं, "माझ्या वाटचा तुकडा तूच खा."

तिने तो खाल्ला.

अकरा जूनला दुपारी विश्वास बँकेत गेला होता. जेवण झाल्यावर वासंती सहज म्हणून आडवी झाली आणि उठली तेव्हा चार वाजले होते. दिवसाढवळ्या, गोळीशिवाय तिला झोप लागली होती. तिने आनंदाने मेसेज केला: "वैजू, आज वामकुक्षी झाली गं! वर्षा-दीड वर्षाने."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "अरे बापरे. कधीपासून त्रास होतोय? अंगावर काढू नकोस, लगेच डॉक्टरांना सांग."

वासंतीला आधी हसू आलं. त्यांचे वडील दुपारी जेवून डाव्या कुशीवर लवंडले की वैजयंती घरभर ओरडत फिरायची, "गप्प बसा, वामकुक्षी चालू आहे!" तिच्याइतका हा शब्द कुणी वापरला नसेल. थट्टाच करतेय, असं म्हणून वासंती उत्तर टाइप करू लागली, तेवढ्यात मानसच्या खोलीचं दार उघडलं. हेडफोन गळ्यात, चेहरा चिंतेत.

"आई, तू ठीक आहेस ना? पोटात वगैरे दुखतंय का?"

"नाही. का रे?"

"असंच. म्हणजे, तुला काही होत असेल तर सांग यार. बाबा येईपर्यंत थांबू नकोस."

वासंती त्याच्याकडे बघत राहिली. वामकुक्षीची गोष्ट तिने जगात एकाच माणसाला सांगितली होती, आणि तो माणूस पुण्यात होता.

"तुला कुणी सांगितलं मला काही होतंय म्हणून?"

मानसने मागे वळून आपल्या लॅपटॉपकडे बघितलं. ती उठली, त्याच्या बाजूने त्याच्या खोलीत गेली. लॅपटॉपवर अर्ध्या भागात त्याचं ऑफिसचं काम होतं. उरलेल्या अर्ध्यात वैजयंतीचा फोटो होता, निळ्या पैठणीतला, केतकीच्या साखरपुड्याचा. त्याखाली वासंतीचे स्वतःचे मेसेज होते, पण उलट्या बाजूला, दुसऱ्या कुणाला आल्यासारखे. शेवटचा होता वामकुक्षीचा.

ती मानसच्या खुर्चीवर बसली.

"वैजू कुठे आहे?"

"आई, बाबांना येऊ दे. प्लीज."

"मानस, वैजू कुठे आहे?"

"गेली," तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर व्हायचा तसा झाला होता. "मावशी गेली, आई."

"कधी?"

"चोवीस एप्रिलला."

वासंतीने मनात दिवस मोजले. अठ्ठेचाळीस झाले. चोवीस एप्रिलला दुपारी विश्वासने डोक्यावरून अंघोळ केली होती हे तिला आठवलं. "काय हे मध्येच?" असं तिने विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, "उकडतंय."

मानस जमिनीवर बसून सांगत होता. वैजयंतीचा फोन पुण्यात केतकीकडे होता. आधीचे मेसेज केतकी पाठवायची. आई गेल्यावर तिला आईच्या नावाने लिहवेना. मग तिने तो फोन या लॅपटॉपला जोडून दिला, आणि तेव्हापासून मानस लिहीत होता. रोज सकाळी सातचा गजर लावून. "बाबांनी सांगितलं होतं, तू जरा स्टेबल झालीस की सांगू. बिल्कुल सांगणार होतो आई. मग तू झोपायला लागलीस, आणि…"

"आणि केक आणलास," वासंती म्हणाली.

विश्वास घरी आला तेव्हा ती दिवाणखान्यात बसली होती. रडत नव्हती. मानसने दारातच बापाला खूण केली. विश्वासने पासबुकाची पिशवी खाली ठेवली आणि समोर बसला. बऱ्याच दिवसांपासून तयार करून ठेवलेलं बोलायला लागल्यासारखा तो बोलू लागला.

"वासंती, तुझी तेव्हाची अवस्था आठव. मी रात्र रात्र बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसत होतो. तुला सांगितलं असतं आणि तू काही करून बसली असतीस तर? एक माणूस गेलंच होतं. मी दुसरंही जाऊ द्यायचं?"

"म्हणून मेलेल्या बाईच्या नावाने मला पत्रं पाठवलीत?"

"त्या मेसेजमुळे तू झोपत होतीस."

"मी आजारी होते. लहान मूल नव्हते. माझी बहीण गेली हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं?"

विश्वासने खाली ठेवलेली पासबुकाची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"नागपूरला?"

"दादांना सांगितलं होतं."

म्हणजे सहा तास झोपल्याची बातमी ज्यांना अभिमानाने दिली, त्यांना हेही ठाऊक होतं. सगळ्यांनी मिळून तिच्या झोपेचं कौतुक केलं होतं, आणि ती, गोळ्या घेऊन, वेळेवर दिवा घालवून, बहिणीच्या तेराव्यालाही गाढ झोपली होती. तिला सगळ्यात किळस आली ती त्या झोपेची.

दुसऱ्या दिवशी तिने डॉ. स्वरूपांना स्वतः फोन लावला. आजवर विश्वासच लावून द्यायचा.

"तुम्हाला ठाऊक होतं का?" तिने सरळ विचारलं.

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "विश्वासरावांनी त्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, आठवड्याच्या आत सांगा, मी व्हिडिओवर हजर राहते. लपवू नका, असंही म्हटलं होतं. ते दर वेळी म्हणायचे, अजून थोडं थांबूया."

"आणि तुम्ही? तुम्ही दर पंधरा दिवसांनी माझ्याशी बोलत होतात. मे महिन्यात मला विचारलंत, बहीण कशी आहे. मी म्हटलं, सुधारतेय. तुम्ही म्हणालात, छान."

"तुमची झोप सुधारत होती, वासंतीताई. ते बघून मीही थांबले. चुकलं माझं."

वासंतीने फोन ठेवला. डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत, एवढ्यापुरतं तिला बरं वाटलं, आणि त्यांच्याकडे पुन्हा जायचं नाही हेही तिने तिथेच ठरवलं.

टेस्ट करून, निगेटिव्हचा कागद घेऊन ती विमानाने पुण्याला गेली. विश्वास म्हणाला, मी येतो. ती म्हणाली, नको. मानसने टॅक्सीत बॅग ठेवली आणि तिच्या हातात गोळ्यांचा अख्खा डबा दिला. विश्वासला न विचारताच त्याने तो आणला होता.

सहकारनगरच्या घरात केतकी एकटीच होती. मावशीला बघताच ती गळ्यात पडली आणि सोडेना. फोटोला घातलेला हार सुकून गेला होता. पहिला दिवस दोघींनी नुसतं रडून, वरणभात करून आणि न जेवता काढला. दुसऱ्या दिवशी वैजयंतीचं कपाट आवरताना केतकी एकाएकी थांबली. मांडीवर घडी अर्धवट टाकलेली साडी होती.

"मावशी, काकांनी तुला हॉस्पिटलचं सगळं सांगितलं ना?"

"मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही असं धरून चाल."

केतकीने मान खाली घातली. "आईला सोळा तारखेलाच ॲडमिट केलं होतं. तिचा फोन घाईत घरीच राहिला. रोज चार वाजता एक नर्स स्वतःचा फोन तिच्यासमोर धरायची, पाच मिनिटं. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, वासूला घे. मी काकांना फोन केला. काका म्हणाले, आत्ता नको, तिला मास्क लावलेली बघून वासंतीचं काय होईल सांगता येत नाही. मी म्हटलं, मग आईला काय सांगू? ते म्हणाले, सांग, वासू झोपली आहे."

वासंती पलंगाच्या कडेला बसली.

"आई इतकी खूश झाली गं! मास्कमधूनच म्हणाली, झोपू दे, झोपू दे, उठवू नका तिला. दुसऱ्या दिवशी परत म्हणाली, वासूला घे. मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिने विचारलं, रोज चार वाजताच कशी झोपते?"

"मग?"

"मग नाही विचारलं. शेवटच्या दिवशी फक्त म्हणाली…" तिने साडीचा पदर तोंडावर धरला. "म्हणाली, वासू माझ्यावर रागावली आहे का?"

कपाटाचं दार उघडं होतं. खालून भाजीवाला ओरडत गेला. वासंती पलंगाच्या कडेला बसून होती आणि तिला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. वैजयंती गेल्याचं लपवलं, हे समजून घ्यायचा ती गेले काही दिवस निकराने प्रयत्न करत होती. भीतीपोटी माणूस वेडंवाकडं वागतो, बाल्कनीच्या दाराशी विश्वास खरंच बसलेला असायचा, हेही तिला ठाऊक होतं. पण हे लपवलं तेव्हा वैजयंती जिवंत होती. बोलत होती. आठ दिवस होते आणि रोजची पाच मिनिटं होती, आणि त्या वेळी वासंती घरातच, दिवाणखान्यात बसून भिंतीकडे बघत होती. ती झोपलेली नव्हती. एप्रिलमध्ये तिला दुपारी चारला कधीच झोप लागली नव्हती.

"मला माफ कर, मावशी. मी ऐकायला नको होतं त्यांचं."

"तू आईला सांभाळत होतीस," वासंती म्हणाली. "तुला दोन्हीकडचा भार झेपला नसता." तिला केतकीचा राग येत नव्हता. आलेला सगळा राग एकाच दिशेने जात होता.

विश्वासचे फोन रोज येत होते. ती घेत नव्हती. दहा दिवसांनी तिने घेतला.

"कशी आहेस? झोप लागते का?" त्याने विचारलं.

"मला एकच सांगा. वैजू मला बोलवत होती. हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाहीत. अकरा जूनला बाकी सगळं सांगितलंत, तेव्हाही हे सांगितलं नाहीत. का?"

पलीकडे त्याने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तुला आणखी त्रास नको म्हणून."

तिने फोन बंद केला. त्याला अजूनही समजलेलं नव्हतं, आणि आता ती समजावणार नव्हती.

ती पुण्यात अडीच महिने राहिली. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे स्वतः जाऊ लागली. गोळ्या स्वतः घेत होती, डबा उशाशी असायचा. झोप तीन-चार तासच होती. ती तिला खरी तरी वाटायची.

जुलैत मानस आला. लॅपटॉप घेऊन आला आणि मावशीच्या जेवणाच्या टेबलावरून काम करू लागला. चार दिवस तो भांडी घासत, बाजार आणत, फारसं न बोलता राहिला. पाचव्या दिवशी वासंतीच म्हणाली, "मी ते सगळे मेसेज परत वाचले."

"डिलीट कर ना ते, आई."

"एकवीस मेचा एक आहे. 'वासू, तू अशी उदास असलीस की मानसला घरात श्वास घेता येत नाही. तो सांगत नाही तुला, पण घाबरतो.' हे वैजूने कधी लिहिलं नसतं. ती म्हणाली असती, मानसला जरा बाहेर हाकल."

मानस टेबलाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"हे तुला माझ्याशी बोलायचं होतं?"

"हो."

"मग माझ्याशी बोलायचंस."

"सॉरी," तो म्हणाला. "मला वाटलं मी मदत करतोय. नव्हतो करत. मावशी माझीही होती, आणि मी तिचं नाव घेऊन तुला फसवलं. सॉरी, आई."

त्याच्या बोलण्यात 'पण' नव्हता हे वासंतीच्या लक्षात आलं. लगेच सगळं मिटलं असं झालं नाही. तो खोलीत आला की तिची नजर अजूनही आधी त्याच्या हातातल्या फोनकडे जायची. तरी त्या संध्याकाळी दोघांनी केतकीला घेऊन टेकडीवर चक्कर मारली, आणि येताना त्याने विचारलं, "ते वामकुक्षी म्हणजे नक्की काय असतं?" तिने सांगितलं. सांगता सांगता ती हसली आणि मग रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून राहिली. मानस आणि केतकी दोन्ही बाजूंना उभे राहिले.

ऑगस्टच्या शेवटी ती दिल्लीला परतली. शाळा उघडणार होती आणि तिला शिकवायचं होतं. विश्वासने घर आवरून ठेवलं होतं, टीव्हीची वायर पुन्हा जोडली होती. तिने आपला पलंग मागच्या छोट्या खोलीत लावून घेतला. विश्वास दारात उभा राहून बघत होता.

"असं किती दिवस चालणार?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"मी तुझ्यासाठीच केलं, वासंती."

"तुम्ही घाबरला होतात. तेवढंच म्हणा. माझ्यासाठी केलं असं म्हणू नका."

त्यावर तो रागाने निघून गेला, आणि त्या रात्री जेवला नाही. पुढचे महिने दोघं एका घरात नीट वागत, भाजी काय आणायची ते ठरवत, वाढदिवसाला जाऊन येत राहिले. बाहेरच्या कुणाला काही दिसलं नसतं. वासंती शाळेत मास्क लावून उभी राहायची, आणि समोर अर्धा का होईना, खराखुरा वर्ग असायचा. नवीन डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणल्या.

जानेवारीत पुन्हा लाट आली. एका सकाळी नागपूरहून पुतण्या पुष्करचा फोन आला. विश्वासच्या दादांना रात्री हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं; वय त्र्याहत्तर, ऑक्सिजन लावला होता. विश्वास फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याचा चेहरा उतरला होता. "दादांना ॲडमिट केलंय," तो म्हणाला. "पुष्कर म्हणतोय, विचारतायत मला. पण मला बघवणार नाही गं. मी उद्या बोलतो. जरा स्थिर झाले की."

वासंतीने गॅस बंद केला. त्याच्या हातातून फोन घेतला आणि पुष्करला म्हणाली, "दादांच्या जवळ कुणी आहे का? व्हिडिओ लाव. आत्ता. मी धरते."

"वासंती, मला नाही जमणार."

"जमेल. बसा."

तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग मास्क, मग दादांचे डोळे. दादांनी हात थोडा वर केला. विश्वास खुर्चीत पुढे सरकला. मग तो एकदम लहान भावासारखा बोलू लागला. दादा, घाबरू नका, मी येतो, लक्ष्मीनगरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही मला सायकल शिकवली होतीत, आठवतं ना, असं काहीही. दादा मास्कमागून हसले. वासंतीने हात न हलवता फोन धरून ठेवला. सात मिनिटं झाली. मग नर्सने फोन घेतला.

विश्वासने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. थोड्या वेळाने त्याने वर बघितलं. वासंती अजून तिथेच उभी होती.

"वैजूला…" तो म्हणाला. "वैजूला मी हे मिळू दिलं नाही."

"नाही," वासंती म्हणाली. "आणि मलाही नाही."

त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो धरला नाही. माफ करणं तिला जमलं असतं तर ते या क्षणी जमायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तिने आत शोधून पाहिलं आणि तिथे काही सापडलं नाही. "तुमची बॅग भरते," ती म्हणाली. "दुपारचं विमान मिळेल. मानसला तिकीट काढायला सांगते."

विश्वास नागपूरला गेला. दादा तीन आठवड्यांनी बरे होऊन घरी आले. त्यांनी वासंतीला फोन करून आभार मानले आणि म्हणाले, त्या दिवशी विश्वास दिसला आणि मला धीर आला. वासंतीने नीट ऐकून घेतलं, तब्येतीची चौकशी केली, काळजी घ्या म्हणाली. मग तिने फोन ठेवला, शाळेत निरोप पाठवला की आज येत नाही, आणि दार लावून घेऊन दिवसभर वैजयंतीसाठी रडली.